अस्तामूर उठतात

कार्डिफला घर घेतलं त्याच्या तिसऱ्या दिवशी शेजारचे गृहस्थ आमच्या दारात येऊन उभे राहिले. उंच, ताठ, पांढऱ्याशुभ्र मिशा, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात झाकलेली ताटली. मी हॅलो म्हणायच्या आत त्यांनी विचारलं, "तुम्ही किती वर्षं जगलात?"

या देशात शेजारी शेजारी वीस वर्षं राहूनही माणसं हवामानाच्या पुढे जात नाहीत. तिथे बाईला वय विचारणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. मी इतकी दचकले की खरं तेच सांगून टाकलं. बेचाळीस. मग ते माझ्या नवऱ्याकडे, मिलिंदकडे वळले. मिलिंद शेहेचाळीस. त्यांनी डोळे मिटून काहीतरी जुळवलं आणि जाहीर केलं की या रस्त्यावर मिलिंदचा नंबर सतरावा आणि माझा एकविसावा. ताटली दिली आणि गेले. ताटलीत चीज घातलेली गरमागरम रोटी होती.

हे आमचे अस्तामूर. पोस्टवाली, कचऱ्याची गाडी आणणारा, निवडणुकीत मतं मागायला येणारे, कौन्सिलची बाई, सगळ्यांना त्यांनी हा प्रश्न विचारलेला आहे. काही हसले, काही रागावले, एकीने म्हणे तक्रारही केली. अस्तामूर कोणाला बधले नाहीत. कारण त्यांना हे कळल्याशिवाय चालतच नाही. अबखाझ माणसाने वडीलधारं माणूस समोर आलं की उठून उभं राहायचं असतं, आणि ते 'बस' म्हणेपर्यंत बसायचं नसतं. आता कोणासाठी उठायचं हे ठरवायला वय नको का कळायला? "गोऱ्या लोकांच्या चेहऱ्यावरून काही समजत नाही," असं त्यांनी मला एकदा गंभीरपणे सांगितलं. ते स्वतः माझ्यापेक्षा गोरे आहेत.

अबखाझ हे कोण, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. काळ्या समुद्राच्या काठी, कॉकेशसच्या बर्फाच्या डोंगरांना पाठ लावून एक चिमूटभर मुलूख आहे. तिथले हे लोक. त्यांच्या भाषेत त्या मुलुखाला अप्स्नी म्हणतात. तो देश आहे की नाही यावरून जगात भांडण आहे. मी एकदा चहा पिताना सहज विचारलं, तर अस्तामूर दीड तास बोलले आणि चहाचं पार पाणी झालं. तेव्हापासून मी त्या वाटेला जात नाही.

गंमत म्हणजे अस्तामूरांचा जन्म तिथला नाहीच. त्यांच्या पणजोबांच्या काळात झारच्या सैन्याने तो मुलूख जिंकला आणि गावंच्या गावं समुद्रापार तुर्कस्तानात गेली. अस्तामूर तिथल्या एका अबखाझ खेड्यात जन्मले, जहाजावर इंजिनात काम केलं, आणि एका थंडीत कार्डिफच्या बंदरात उतरले ते उतरलेच. अप्स्नी त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलं, ते साठीत, तीन आठवडे. पण बोलणं ऐकाल तर वाटेल काल संध्याकाळीच शेळ्या गोठ्यात बांधून आलेत.

त्यांचा अभिमान मोजायचा तर भाषेपासून सुरुवात करावी. स्वर दोन आणि व्यंजनं साठाच्या घरात. आपली बाराखडी म्हणजे जगात भारी, असा माझा लहानपणापासूनचा समज, तो त्यांनी बसल्या बसल्या मोडला. एक अक्षर त्यांनी मला शिकवायला घेतलं. अर्धी शीळ, अर्धा सुस्कारा, आणि ओठ चंबूसारखे. दहा मिनिटं मी प्रयत्न करत होते. शेवटी आतून मिलिंद ओरडला, "अगं, केटल बंद कर ना, कधीची वाजतेय."

आणि ती देवाची गोष्ट. देव सगळ्या जमातींना जमिनी वाटत होता. अबखाझ उशिरा पोचला. देव म्हणाला, संपल्या जमिनी, कुठे होतास? अबखाझ म्हणाला, घरी पाहुणा आला होता, त्याला सोडून कसा येऊ? देव इतका खूश झाला की स्वतःसाठी राखून ठेवलेला तुकडा त्याने देऊन टाकला. ही गोष्ट कॉकेशसात आणखीही काही लोक आपापल्या नावावर सांगतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं आणि शहाणपणा करून बोलून दाखवलं. अस्तामूर म्हणाले, "सांगू देत. आमच्याकडे पाहुणे आले तेव्हाच त्यांनी ती ऐकलेली आहे."

उठण्यापायी या माणसाने काय काय सोसलं! जीपीच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये त्यांना घेऊन जाणं ही शिक्षा होती. दार उघडलं, काठी दिसली, की अस्तामूर उभे. रिसेप्शनिस्टला वाटायचं यांचा नंबर लागला. मग ते नुसते उठून थांबत नसत, त्या माणसाला स्वतःच्या पुढे सोडत. दहाची अपॉइंटमेंट साडेबाराला व्हायची. तोवर ब्लडप्रेशर खरोखर वाढलेलं असायचं, त्यांचं नव्हे, माझं. टीव्हीवर म्हातारं माणूस आलं तर काय करावं, यावर त्यांनी बराच विचार केला होता. ते घरात आलेलं नसतं, पण दिसलेलं तर असतं. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला, खुर्चीतून अर्धं उठायचं. बातम्या बघताना त्यांचा चांगलाच व्यायाम व्हायचा.

एकदा मी वैतागून म्हटलं, "पण हे सगळं कशासाठी? इथे कोणाला कळतं तरी का?"

तेव्हा त्यांनी नावेची गोष्ट सांगितली. त्यांच्या पणजोबांना देशातून नेणाऱ्या नावेत पाय ठेवायला जागा नव्हती. घर मागे राहिलं, जनावरं राहिली, डोंगर तर कोण उचलून आणणार? माणसं एकमेकांच्या मांडीवर बसलेली. त्या नावेत गावची एक म्हातारी होती. ती जरा हलली, इकडून तिकडे गेली, की अख्खी नाव उठून उभी राहायची. नाव कलंडायची, नावाडी शिव्या द्यायचा, आणि तरी सगळे उठायचे. "याला आम्ही अप्सुआरा म्हणतो, अबखाझपण," ते म्हणाले. "नावेत एवढंच मावलं."

त्या दिवसानंतर मी त्यांना चिडवणं कमी केलं. पूर्ण बंद नाही केलं, तेवढी मी भली नाही.

त्यांची बायको ग्वेन इथली, वेल्श. आम्ही राहायला येण्याआधीच ती गेली होती. मूलबाळ नाही. ती त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी होती, आणि पस्तीस वर्षं ती स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली की अस्तामूर उठून उभे राहायचे. ती रोज म्हणायची, बस, सांडेल. हे सांगताना त्यांनी तिचा आवाज काढला, आणि नंतर बराच वेळ मिशी पुसत राहिले.

आता ती रस्त्यावरची वयांची यादी. आम्ही आलो तेव्हा अस्तामूर पाचवे होते. मग चौदा नंबरचे आजोबा वारले. कोपऱ्यावरच्या दोघी बहिणी केअर होममध्ये गेल्या. पलीकडच्या बाईंना मुलाने ब्रिस्टलला नेलं. एका हिवाळ्यात अस्तामूर मला म्हणाले की ते आता पहिले आहेत. मी मूर्खासारखं अभिनंदन केलं. "पहिला म्हणजे काय कळलं का?" ते म्हणाले. "समोर कोणी नाही."

पुढच्या एप्रिलमध्ये माझी आई सहा महिन्यांच्या व्हिसावर आली.

आईबद्दल थोडं सांगायला हवं. मिरजेला मुलींच्या शाळेत ती मुख्याध्यापिका होती. ती वर्गात शिरली की बाकं एकदम वाजायची आणि साठ मुली उभ्या राहायच्या. त्यातली एक मी होते. निवृत्त झाल्यापासून तिच्यासाठी कोणी उठलेलं नव्हतं. आमच्या घरात ती खोलीत आली तर आम्ही फोनमधून मान वर करतो, तीही नेहमीच नाही. मी इथे शाळेत गणित शिकवते. माझ्या वर्गात मी शिरले तर बसलेली मुलं आणखी खाली घसरतात. हे मी आईला सांगितलेलं नाही.

अस्तामूर पहिल्याच संध्याकाळी आले. आई सोफ्यावर होती. ते दारातच थबकले आणि विचारलं, किती वर्षं जगलात? मी मनात देवाचा धावा केला. पण आईला वयाचा भारी अभिमान. "एटी-फोर," ती खणखणीत आवाजात म्हणाली. अस्तामूर एक्क्याऐंशीचे. त्यांच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मी पूर्वी पाहिलं नव्हतं. ते ताठ उभे राहिले, हात बाजूला, हनुवटी वर. आईने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि वर्गातल्या आवाजात म्हणाली, "सिट डाउन." ते बसले. दोघांनाही काय हवं ते मिळालं.

मग रोज चार वाजता अस्तामूर येत. आई मुद्दाम एकदोनदा आत जाऊन येई. तिला आत काही काम नसायचं, हे मी पैजेवर सांगते. दर वेळी ते उठत, दर वेळी ती बसवी. मध्ये दोन अभिमानी देशांची बोलणी चालत. त्यांच्या डोंगरावर जुलैत बर्फ असतं, तर आमच्या डोंगरावर किल्ले आहेत. त्यांनी आबिस्ता करून आणला, आईने चाखून सांगितलं ही मक्याची उकड आहे, मीठ राहिलं. त्यांनी अजिका नावाची लाल मिरची-लसणाची चटणी आणली. आईने खर्डा पुढे केला. दोघांनी एकमेकांचा खाल्ला, दोघांचे डोळे पाण्याने भरले, आणि दोघांनीही तिखट नाहीये असं सांगितलं. मिलिंद म्हणाला, "ही तर समिट मीटिंग आहे, फोटो काढायला हवा."

ऑगस्टमध्ये अस्तामूर बसने बाजारात निघाले होते. एका स्टॉपवर काठी घेतलेली बाई चढली. ते उठले, ड्रायव्हरने ब्रेक मारला, आणि ते आडवे झाले. गुडघ्याखालचं हाड मोडलं. स्ट्रेचरवर असतानाच त्यांनी त्या बाईला वय विचारलं. बहात्तर. विनाकारण उठलो, याचं दुःख त्यांना पायापेक्षा जास्त झालं.

हॉस्पिटलमधून फोन आमच्या घरी आला आणि नर्सने सुमित्राबाई आहेत का विचारलं. सुमित्रा माझ्या आईचं नाव. जवळचं माणूस म्हणून अस्तामूरांनी फॉर्ममध्ये तिचं नाव लिहिलं होतं. नातं काय, या रकान्यात लिहिलं होतं, 'मोठी'. नर्सला त्याचा अर्थ लागेना. मी तिला म्हटलं, बरोबर आहे, तसंच राहू द्या.

ऑपरेशन झालं, आत प्लेट बसवली. सर्जनने बजावलं की सहा आठवडे त्या पायावर भार द्यायचा नाही. प्लेट हलली तर पुन्हा ऑपरेशन, आणि या वयात मग चालण्याची खात्री नाही. अस्तामूरांनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी आम्ही आईला घेऊन वॉर्डात शिरलो आणि हा माणूस पाय खाली टाकून उठायला लागला. दोन नर्स धावल्या. पुन्हा एक्स-रे काढला. थोडक्यात निभावलं. समोरच्या बेडवर एक्क्याण्णव वर्षांचे एक आजोबा होते आणि ते दिवसातून सात वेळा बाथरूमला जात, म्हणून त्यांना दुसरीकडे हलवलं. आणि मला बाजूला घेऊन सिस्टरने सांगितलं, त्या लेडीला कृपा करून आणू नका.

आई घरी बसली. चार वाजले की ती खिडकीशी जाई आणि परत येई. तिचं परतीचं तिकीट सप्टेंबरचं, अगदी जवळ आलेलं. अस्तामूर मला रोज विचारत, त्या गेल्या का? नाही म्हटलं की निवांत होत.

एक दिवस ते म्हणाले, "जायच्या आधी त्यांना आणा. मी एकदा उभा राहीन. एकदाच. मग पायाचं काय व्हायचं ते होऊ दे."

मी समजावलं. चिडले. गणिताच्या बाईसारखी एक, दोन, तीन करून कारणं सांगितली. ते शांतपणे म्हणाले, "मोठं माणूस निरोप घेऊन निघालंय आणि मी आडवा पडून बघतोय? मग मी तुर्कस्तानातला एक म्हातारा, बस. पणजोबांनी आणलेलं ते इथे, या बेडवर संपलं असं होईल." त्यांचा आवाज चढला नव्हता. हे खरंच करणार, हे मला कळलं.

घरी येऊन मी आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नारायणपेठ नेसली, पर्स घेतली, आणि म्हणाली, "चल. तुझ्या त्या सिस्टरला सांग, फाइव्ह मिनिट्स हवीत फक्त."

त्यांचा बेड वॉर्डाच्या अगदी टोकाला होता. आम्ही दारातून येताना त्यांना दिसलो. त्यांनी चादर बाजूला केली, दोन्ही हात गादीवर रोवले आणि मोडका पाय काठाकडे सरकवला. आईने तळहात वर केला. सगळा वॉर्ड गप्प झाला; वर्ग गप्प करणारा तिचा तो हात अजून तसाच आहे.

"मिस्टर अस्तामूर," ती म्हणाली, "मला एक चूक दुरुस्त करायची आहे. पासपोर्टवर माझं वय चौऱ्याऐंशी आहे. ते खोटं आहे. आमच्याकडे शाळेत घालताना वय अंदाजे लिहीत. मला लवकर घालायचं म्हणून वडिलांनी चार वर्षं वाढवून सांगितली. मी ऐंशीची आहे."

आता, हे आपल्याकडे घडतं, आणि सर्रास घडतं. महाराष्ट्रातली अर्धी जुनी पिढी कागदावर एक जूनला जन्मली आहे, कारण गुरुजींना तीच तारीख सोपी पडायची. आईने स्वतः रजिस्टरात अशा शेकडो मुली एक जूनला जन्माला घातल्या. पण तिची स्वतःची पत्रिका आहे. घटका-पळांसकट, लाल फडक्यात बांधून मिरजेच्या गोदरेजच्या कपाटात. ती चौऱ्याऐंशीचीच आहे. ती सांगत होती त्याप्रमाणे ती दोन वर्षांची असताना पहिलीत बसली होती. माझ्या जन्मापासून मी तिला खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. पास होण्यापुरता एक मार्क वाढवा म्हणून रडणाऱ्या पालकांना तिने दारातून परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. आणि ही बाई आज उभ्या वॉर्डात, सरळ डोळ्यांत बघून, चार वर्षं खाऊन टाकत होती.

अस्तामूर तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी एका वर्षाने मोठा."

"हो," आई म्हणाली. ती खुर्चीचा हात धरून बसणार होती. तिने तो सोडला, पाठ ताठ केली आणि बेडपाशी उभी राहिली. तिचे गुडघे कसे आहेत हे मला माहीत आहे. जिना चढताना ती दर दोन पायऱ्यांवर थांबते. हात बाजूला, हनुवटी वर, ती त्यांच्यासाठी उभी राहिली. मला तिचा फार अभिमान वाटला.

अस्तामूरांनी पाय हळूच परत चादरीखाली घेतला आणि मागे टेकले. मग मोठ्या माणसाने सांगावं तसं त्यांनी तिला बसायला सांगितलं. ती बसली. पाच मिनिटांची वीस झाली. ती सोमवारी निघते हे तिने सांगितलं, रोज पायाचे व्यायाम करायचे हे बजावलं, आणि त्यांनी तिच्यासाठी अबखाझमध्ये प्रवासाचा आशीर्वाद म्हटला, आता मोठे तेच होते म्हणून. अर्थ आम्हाला कोणालाच कळला नाही. नर्स दोनदा येऊन, बघून परत गेली.

निघताना आई म्हणाली, "मी हळूहळू पुढे होते, मिलिंद खाली गाडीत बसलाय. तू यांचे धुवायचे कपडे घेऊन ये." ती निघाली. मी खुर्चीत बसून शर्टांच्या घड्या घालत होते.

"त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत," अस्तामूर हळूच म्हणाले.

मी मान खाली घालून म्हटलं, हो.

"आमच्या डोंगरात लोक वय वाढवून सांगतात. लांबून कोणी बघायला आलं की शंभरीच्या आत कोणी सापडत नाही. कमी करून सांगणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं."

"मग तुम्ही तसं म्हणाला का नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मला इतकंही कसं कळत नाही अशा नजरेने. "मोठ्या माणसाला खोटं पाडायचं नसतं," ते म्हणाले. "पडून राहा, असं त्यांनी सांगितलं. मी पडून राहीन." त्यांनी दाराकडे बोट केलं. "पण त्या निघाल्यात. तुम्ही उठा. माझ्या वतीने."

मी मांडीवरचे कपडे बेडवर ठेवले आणि उभी राहिले. शाळा सुटल्यापासून आईसाठी मी कधी अशी उठले नव्हते. वॉर्डाच्या त्या लांब वाटेवरून ती चालली होती, एक हात भिंतीच्या कठड्यावर, पदर नीट, मागे वळून न बघता. ती किती हळू चालते, हे मला इतकं नीट कधी दिसलं नव्हतं. माझ्यापुढे अजून कोणीतरी आहे, याचं मला त्या क्षणी फार बरं वाटलं आणि फार भीतीही वाटली.

आई दाराबाहेर गेली. अस्तामूरांनी मला बसायला सांगितलं नाही, आणि मीही बसले नाही.